बोलत राहा, उस्ताद

त्या वर्षी होळी झाली आणि आमचं वर्कशॉप राजस्थानातून अरुणाचलात गेलं. मी तेव्हा हवालदार होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. फौजेच्या गाड्या चालत्या ठेवणं हे माझं काम. रायफल हातात यायची ती फायरिंगच्या दिवशी, पाना मात्र रोज. सिव्हिलमधल्या लोकांना फौजी म्हटलं की बर्फातल्या चौकीवर उभा असलेला माणूस दिसतो. त्या चौकीपर्यंत रॉकेल, पीठ आणि टपाल नेणारी गाडी कुणीतरी तिच्याखाली झोपून दुरुस्त केलेली असते. तो माणूस कुणाला दिसत नाही. त्यात चूक कुणाचीच नाही.

माझ्याबरोबर लान्स नायक बालाजी होता. त्याचं गाव किल्लारीजवळ. माझं घर औशाचं, किल्ल्याच्या बाजूला. माझे वडील आणि चुलते मोटारींचं काम करायचे, म्हणून मी या ट्रेडमध्ये आलो. बालाजीच्या घरी शेती होती आणि त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरच राहिलं नव्हतं. तो आणि त्याची धाकटी बहीण अनू, एवढीच दोघं वाचली. नांदेड जिल्ह्यात भोकरला त्यांची आत्या होती. तिनं दोघांना वाढवलं. सरकारनं नव्या गावात घर बांधून दिलं होतं, ते कुलूप लावून तसंच उभं होतं.

आम्ही राजस्थानात असताना तो आमच्याकडे आला होता, ट्रेनिंग संपवून थेट. सुभेदार साहेबांनी त्याला माझ्यापुढं उभं केलं.

"यूसुफ, तुझ्या जिल्ह्याचा आहे. तयार कर."

पहिल्याच आठवड्यात मी त्याला एका वन टन गाडीचं गिअर ऑइल बदलायला सांगितलं. आता माझं लातूर रस्त्याला छोटं गॅरेज आहे, आणि मी बघतो की लोक इंजिन ऑइल वेळेवर बदलतात पण गिअर ऑइल विसरतात. गिअर अडायला लागला की मग येतात. काम साधंच आहे. गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. सपाट जागेवर उभी करायची, चाकांखाली ठोकळे लावायचे. गिअरबॉक्सला दोन प्लग असतात. एक बाजूला, तेल भरायचा. एक तळाला, तेल सोडायचा. आधी भरायचा उघडायचा. नवी पोरं घाईनं तळाचा उघडतात, तेल वाहून जातं, आणि मग कळतं की भरायचा प्लग गंजून बसलाय. मग गाडी तिथंच. जुनं तेल निघालं की तळाच्या प्लगचं टोक बघायचं. तिथं लोहचुंबक असतं. काळं बारीक पीठ चिकटलेलं असेल तर ठीक. तुकडे असतील तर आत दात तुटलेत. वायसर नवा घालायचा, प्लग लावायचा, आणि बाजूच्या भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत भरायचं. झालं.

एकच गोष्ट अवघड. गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध असतो. वर्कशॉपात खड्डा असतो, त्यात उभं राहून काम करता येतं. फील्डमध्ये खड्डा नसतो. पाठीवर झोपून आत सरकावं लागतं आणि लोखंड नाकापासून वीतभरावर असतं.

बालाजी छातीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला. परत गेला, परत आला. तिसऱ्या वेळी त्याचा शर्ट घामानं चिकटला होता आणि तो पाना शोधायचं नाटक करत होता. पाना त्याच्या हातातच होता.

मी बाकीच्यांना चहाला पाठवलं.

"काय होतंय?"

"काही न्हाई, उस्ताद."

"मला खोटं सांगू नको. मी औशाचा हाय."

तो चाकाला टेकून बसला. मग त्यानं सांगितलं, खाली बघत. त्यांचं घर दगड-मातीचं, वर मातीचं जाड माळवद. भूकंप झाला तेव्हा तो आठवीत होता आणि अनू पाच वर्षांची. एक तुळई भिंतीला अडकली आणि तिच्या आडोशाला ही दोघं राहिली. बाकी सगळं खाली बसलं. अंगावर माती, तोंडावर माती, हात हलवायला जागा नाही. अनू रडत होती.

"ती रडून राहिली होती तवर मला कळत होतं, आपण हाव. ती गप झाली की मी बोलायचो. मी दमलो की ती रडायची. तसं करत करत दुपार झाली. मग लोकांनी काढलं."

"आणि आता?"

"गाडीखाली गेलो की तीच माती तोंडावर येती. वर्कशॉपच्या खड्ड्यात काय वाटत न्हाई. हितं वाटतं. उस्ताद, सुभेदार साहेबाला सांगू नका. ट्रेड बदलतील."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडीखाली गेलो आणि त्याला बाहेर बसवलं. तो पाना द्यायचा, मी बोलायचो. काहीही. औशाच्या बाजारातल्या गोष्टी, माझ्या बायकोची तक्रार, पिंपात पडलेलं मांजर. चार-पाच दिवसांनी त्याला डोकं आत घालायला लावलं. मग खांदे. मग आम्ही दोघं एका गिअरबॉक्सखाली शेजारी शेजारी पडायचो. शेवटी मी बाहेर आलो आणि तो एकटा आत राहिला. मी टायरजवळ उकिडवा बसलो. थोडा वेळ मी गप्प झालो तर आतून आवाज आला.

"बोलत राहा, उस्ताद."

तेव्हापासून तशी पद्धतच पडली. बालाजी गाडीखाली असला की बाहेर कुणीतरी बोलायचं. मी नसलो तर ड्रायव्हर बोलायचा, ड्रायव्हर नसला तर तो रेडिओ लावून ठेवायचा. पोरांनी चेष्टा केली, मग त्यांनाही सवय झाली. दोन वर्षांत तो आमच्या वर्कशॉपातला गिअरबॉक्सचा सगळ्यात चांगला कारागीर झाला. नुसता लिव्हर हलवून सांगायचा, तेल जळलंय की गिअर जुळवणारा सिंक्रोनायझर गेलाय.

एकदा मी विचारलं, "भूकंपात फौजेनं मदत केली म्हणून फौजेत आलास काय?"

"न्हाई उस्ताद. नोकरी पायजे होती. अनूला शिकवायचं होतं."

अनू लातूरला होती. लातूरला तेव्हा क्लासेसची लाट आलेली. गल्लीगल्लीत हॉस्टेल, मेस, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावलेले मोठे बोर्ड. उदगीर, देगलूर, भोकर, परभणी, सगळीकडून पोरं यायची आणि एका खोलीत चार-चार राहायची. अनूला डॉक्टर व्हायचं होतं. खरं म्हणजे बालाजीला तिला डॉक्टर करायचं होतं, पण ती अभ्यास मनापासून करायची. माझं घर जवळ म्हणून बालाजीनं सांगितलं होतं, जरा लक्ष असू द्या. रविवारी ती औशाला यायची. माझ्या बायकोला चाची म्हणायची, मला चाचा. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी पुढं घेऊन ती जीवशास्त्राचं पुस्तक वाचत बसलेली मला आठवते. बायको ओरडायची, "अगं, आधी खा तरी."

मेडिकल प्रवेशाची परीक्षा मे महिन्यात होती. बालाजीनं सुट्टीचा अर्ज दिला होता, मंजूरही झाला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो लातूरला पोहोचणार होता. अनूला सेंटरवर सोडायचं आणि बाहेर थांबायचं, एवढंच त्याला करायचं होतं. निघायला एकच दिवस राहिला होता.

अरुणाचलात त्या वर्षी पाऊस लवकर लागला. एप्रिलपासूनच रस्त्यावर दगड यायचे. आमची एक छोटी रिपेअर टीम पुढं होती. मी, बालाजी आणि आमच्या गाडीचा ड्रायव्हर गुरुंग. एका वळणावर, जिथं रस्ता जरा रुंद होता, तिथं तंबू. त्या दिवशी सकाळी वायरलेस सेटवर मेसेज आला.

"अल्फा, ॲम्ब्युलन्स तुमच्याकडे येते आहे. पेशंट सीरियस. गाडीत फॉल्ट. ओव्हर."

"काय फॉल्ट? ओव्हर."

"नाल्यात बंद पडली होती. ओढून काढली. गिअर राहत नाही. ओव्हर."

ॲम्ब्युलन्स आली ती सरपटतच आली. आत एक जवान होता, अपेंडिक्स फुटलेलं. अंगात ताप, डोळे अर्धे मिटलेले. नर्सिंग असिस्टंट त्याच्या शेजारी सलाईनची बाटली धरून बसला होता. खालच्या हॉस्पिटलपर्यंत सगळा उतार. ड्रायव्हर म्हणाला, दुसरा गिअर टाकला की उडून न्यूट्रलला येतो. उतारावर गिअर उडाला की गाडीचा सगळा भार ब्रेकवर. ब्रेक ओले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी.

मी वाकून बघितलं. तळाचा प्लग दगडाला घासून ढिला झाला होता. तेल गळत होतं आणि जे गळत होतं ते दुधाच्या चहासारखं दिसत होतं. म्हणजे नाल्याचं पाणी आत गेलं होतं. तेलात पाणी गेलं की तेल तेल राहत नाही.

"दुसरी गाडी मागवायची?" गुरुंगनं विचारलं.

दुसरी गाडी वर यायला दुपार झाली असती. पेशंटला तेवढा वेळ नव्हता.

बालाजीनं तोवर चाकांना दगड लावले होते. "उस्ताद, मी जातो."

पाऊस बारीक होता, पण जमीन चिखल झालेली. त्यानं ताडपत्री टाकली आणि आत सरकला. मी टायरजवळ बसलो आणि बोलायला लागलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. परीक्षेच्या दिवशी सेंटरबाहेर फार ऊन असेल, टोपी ने, असं म्हणालो. अनूला बाहेर आल्या आल्या पेपर कसा गेला विचारू नको, आधी रसवंतीवर ने.

"बाजूचा निघाला," आतून आवाज आला. "खालचा सोडतो."

पांढुरकं पाणी-तेल ट्रेमध्ये पडलं. नुसतं नवीन तेल भरून भागणार नव्हतं. आत पाणी चिकटून राहतं. म्हणून थोडं तेल घातलं, ड्रायव्हरनं इंजिन चालू करून गिअर फिरवले, ते तेल सोडलं. ते मळकट निघालं. पुन्हा घातलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी तेल तेलासारखं दिसलं.

"प्लगला तुकडे आहेत का?"

"न्हाई. नुसतं पीठ. दात शाबूत हायत."

"मग भर."

मी वरून नळीनं तेल सोडत होतो, तो आत बोट लावून बघत होता. तेल भोकातून ओघळलं. त्यानं प्लग आवळला आणि बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल आणि तेल. तो स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसला, वळणाच्या रुंद जागेत गाडी पुढं-मागं घेतली. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा.

"बसतोय, उस्ताद. उडत न्हाई."

ॲम्ब्युलन्स निघाली. नर्सिंग असिस्टंटनं मागच्या दारातून हात वर केला. गाडी पुढच्या वळणाआड जाईपर्यंत बालाजी तिचा आवाज ऐकत उभा होता. मग तो हत्यारं गोळा करायला वळला. कड्याच्या पायथ्याशी पाण्याची एक धार होती, तिथं तो हात धुवायला गेला. मी आमच्या गाडीत चढलो आणि सेट उचलला.

"ॲम्ब्युलन्स मूव्ह झाली. फॉल्ट क्लिअर. ओव्हर."

"शाबास. रिपीट करा, कधी मूव्ह झाली? ओव्हर."

मी उत्तर द्यायला बटण दाबलं आणि गाडी हलली. आवाज नंतर आला. मी बाहेर बघितलं तर तो कडा तिथं नव्हता. रस्त्यावर ओली लाल माती होती, दगड होते, एक झाड मुळासकट आडवं पडलेलं. पाण्याची धार होती त्या जागी माझ्या दुप्पट उंचीचा ढीग.

सेटवरचा माणूस विचारत होता, "अल्फा, ऐकू येतंय का? ओव्हर."

मी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. गुरुंग म्हणतो, मी लोकेशन बरोबर दिलं, माणूस एक, मातीखाली, असं स्पष्ट सांगितलं.

आमच्याकडे दोन फावडी होती. रस्त्याचं काम करणारे मजूर धावत आले, त्यांच्याकडे कुदळी होत्या. वरून अजून माती सरकत होती. गुरुंग वर नजर ठेवून उभा राहिला आणि बाकीचे खणायला लागले. मी खणत होतो आणि बोलत होतो. "बालाजी, मी हितंच हाय. ऐकतोस ना? आम्ही आलो. श्वास धरून ठेव. अनूचा पेपर हाय. ऐकतोस ना?" एक मजूर माझ्याकडे बघायला लागला. मी थांबलो नाही. त्याला मातीखाली जगायचं माहीत आहे, असं मी मनाशी म्हणत होतो. तो आधी एकदा निघालाय. आताही निघेल.

वरून जादा माणसं आली. दुपार गेली. माझा आवाज बसला, तरी मी बोलत होतो. संध्याकाळ व्हायच्या आत तो सापडला. डॉक्टर म्हणाले, फार वेळ त्रास झाला नसावा. डॉक्टर असं म्हणतात. मी त्यांना जास्त विचारलं नाही.

ॲम्ब्युलन्स वेळेवर पोहोचली होती. तो जवान वाचला.

दुसऱ्या दिवशी कमांडिंग ऑफिसरनी मला बोलावलं.

"यूसुफ, तू त्याच्या जिल्ह्याचा. बॉडी विमानानं हैदराबादला येईल. तू एक दिवस आधी जा. घरच्यांना भेट. अंत्यसंस्कार कुठं करायचे ते विचारून कळव."

"सर."

"घरी कोण आहे?"

"एक बहीण, सर."

हैदराबादहून मी एसटीनं औशाला उतरलो तेव्हा बालाजीची आत्या माझ्या घरी बसली होती. फौजेचा निरोप भोकरच्या पत्त्यावर गेला होता, पोलिसांनी घरी जाऊन सांगितलं होतं. ती तशीच निघून माझ्याकडे आली होती. माझी बायको तिचा हात धरून बसली होती. आत्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते आधीच संपलं असावं.

"यूसुफभाई, पोरीला सांगितलं न्हाई अजून."

"मग मी जातो लातूरला."

"थांबा." तिनं माझी बाही धरली. "उद्या तिचा पेपर हाय."

मला तारखा आठवत नव्हत्या. त्या दिवसांत मला वार कोणता तेही कळत नव्हतं. पण तिचं बरोबर होतं. बॉडी उद्या दुपारी गावात येणार होती. पेपर उद्या सकाळी होता.

"दुपारपत्तूरचा तर प्रश्न हाय," आत्या म्हणाली. "पेपर देऊन येऊ द्या तिला. मग सांगू. मी सांगते. तुमाला सांगाय लागणार न्हाई. माझ्या लेकरानं जलमभर त्या पेपरापायीच केलं सगळं. ते तरी होऊ द्या."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं दोन लेकरं वाढवली होती, त्यातलं एक गेलं होतं.

"बरं," मी म्हणालो.

"तुमी फकस्त हॉस्टेलवर जावा. उद्या वर्तमानपत्रात बातमी येईल. तिथल्या मालकिणीला सांगा, सकाळी पोरीच्या हातात ते पडू देऊ नको म्हणून."

मी वर्दी काढली, साधा शर्ट घातला आणि लातूरला गेलो. ऊन उतरत होतं. हॉस्टेल म्हणजे तीन मजली घर, प्रत्येक खिडकीत वाळत घातलेले कपडे. मालकीणबाई खालीच राहायच्या. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान डोलावली. मी निघायला वळलो आणि जिन्यावरून अनू खाली आली, हातात पाण्याची बाटली.

"चाचा! तुमी कवा आलाव?"

"आजच."

ती माझ्या मागं रस्त्याकडे बघायला लागली. "दादा?"

"त्याची... ड्युटी लागली. सुट्टी कॅन्सल झाली."

"मग तुमाला कशी मिळाली?"

मी काहीतरी बोललो. घरचं काम, असं काहीतरी. ती एक पायरी खाली आली. मालकीणबाई घाईनं आत निघून गेल्या. अनूनं ते बघितलं.

"चाचा, माझ्याकडं बघून सांगा."

मी बघितलं नाही.

"भूकंपानंतर मला सांगितलं होतं, आई सोलापूरच्या दवाखान्यात हाय," ती म्हणाली. आवाज शांत होता, धडा म्हणून दाखवावा तसा. "रोज विचारायची मी, आज येणार का? समदे म्हणायचे, बरी झाली की येईल. दादा बी म्हणायचा. आमी भोकरला गेलो तरी मी एसटी आली की स्टँडवर जाऊन बघायची. वर्ष झाल्यावर दादानंच खरं सांगितलं. लई रडला तवा. मला म्हणला, अनू, आता तुला कुणी काही लपवून ठेवणार न्हाई, मी ठेवू देणार न्हाई." तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली. "तुमी त्याचे उस्ताद हाव. सांगा."

मग मी सांगितलं.

ती पायरीवर बसली. बाटली तिनं नीट बाजूला ठेवली.

"कसा?"

"दरड कोसळली. रस्त्यावर."

"मातीखाली?"

"हां."

वर कुठल्यातरी खोलीत मुली एकमेकींना प्रश्न विचारत होत्या, उत्तरं देत होत्या. अनू जमिनीकडे बघत होती. मग तिनं विचारलं,

"कुणी बोलून राहिलं होतं का त्याच्याशी?"

"मी बोलत होतो. शेवटपर्यंत."

तिनं मान हलवली. मग ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. नोकरीत मला पुष्कळ ऑर्डर मिळाल्या. त्या वेळी काय करायचं त्याची ऑर्डर माझ्याकडे नव्हती.

तोंड धुऊन आल्यावर तिनं विचारलं, "दादा उद्या किती वाजता येतोय?"

"दुपारी. तुझा पेपर सकाळी आहे. पेपर देऊन तू पोहोचू शकतेस. मी गाडी घेऊन सेंटरवर थांबतो."

"न्हाई. मी हैदराबादच्या रस्त्यावर जाते. उमरग्यापासून त्याच्यासंगं येते. एवढ्या लांबून एकटाच आलाय तो."

"अनू, पेपर..."

"भोकरला न्हेऊ नका त्याला. आपल्या गावात न्यायचं. आई तितं हाय."

मी तिला औशाला आणलं. आत्यानं दारातूनच ओळखलं. ती माझ्याकडे आली आणि दोन्ही हातांनी माझ्या छातीवर मारायला लागली. जोर नव्हता त्यात. "एक दुपार थांबता आलं न्हाई तुला? एक दुपार?" अनूनं तिला मिठीत घेतलं आणि म्हणाली, "मीच विचारलं, आत्या. मीच विचारलं." आत्यानं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या सेंटरवर पोरं रांगेत उभी असतील तेव्हा आम्ही उमरग्याला रस्त्याच्या कडेला उभे होतो. फौजेची गाडी आली. अनू मागं चढली आणि तिरंग्यावर हात ठेवून बसली. गावापर्यंत ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. काय ते मी ऐकलं नाही. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. ऐकू आलं असतं तरी ऐकलं नसतं.

नव्या गावात सगळे रस्ते सरळ आणि घरांना नंबर. त्यांच्या घराचं कुलूप गंजलेलं निघालं, ते तोडावं लागलं. दारापुढं बॉडी ठेवली. किल्लारीपासून माणसं आली, जीपगाड्या भरभरून. गार्डनं सलामी दिली. अग्नी अनूनं दिला. कुणी हरकत घेतली नाही. घेणार तरी कोण होतं?

अनू पुढच्या वर्षी परीक्षेला बसली. थोडक्यात राहिलं. मग तिनं नांदेडला नर्सिंग केलं. आता ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. लग्न झालंय, एक मुलगी आहे. "डॉक्टर व्हायचं ते त्याच्यासाठी होतं," एवढंच ती एकदा म्हणाली. आत्या माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात मी भोकरला गेलो तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेरच्या खोलीत थोडा वेळ बसलो आणि परत आलो. मला तिचा राग नाही. तिच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. अनूच्या जागी असतो तर तेच विचारलं असतं. दोघींचं बरोबर होतं आणि मधे मी होतो.

गावात भूकंपात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. ग्रामपंचायतीनं बालाजीसाठी वेगळा स्तंभ बांधायचं ठरवलं होतं, हुद्दा आणि वर्दीतला फोटो घालून. अनूनं विचारलं, दगडावर आईच्या नावाखाली जागा आहे का? होती, एका ओळीची. तिथं तिनं त्याचं नाव कोरून घेतलं. नुसतं नाव. हुद्दा नाही, साल नाही.

मागच्या वर्षी मी तिथं गेलो तेव्हा बाहेरगावची एक बाई आपल्या लेकराला नावं वाचून दाखवत होती. बालाजीचंही वाचलं. "बघ, एकाच रात्रीत गेले हे सगळे," ती म्हणाली. लेकरानं दगडाला हात लावून बघितला. मी चप्पल काढून बाजूला उभा होतो. त्यांना जाऊ दिलं.

तो त्या रात्री गेला नाही. त्यानंतर तो बारा वर्षं जगला. त्यानं बहीण वाढवली. चहात तीन चमचे साखर घालायचा आणि कुणी बघितलं की लाजायचा. क्रिकेट त्याला अजिबात जमायचं नाही, तरी दर रविवारी खेळायचा. ज्याची भीती वाटायची त्याच्याखाली तो रोज जाऊन झोपायचा आणि काम संपवून बाहेर यायचा. एक माणूस त्याच्यामुळं आज जिवंत आहे. दगडावर एवढं बसत नाही.